टीव्ही चांगला, पण शेअर?

वस्तू चांगली आहे, धडाक्यात खपते आहे, मग त्या कंपनीचा शेअर घ्यायला काय हरकत आहे? हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा ‘टीव्हीवर मुंग्या का दिसतात’ हा प्रश्नही माझ्या दुकानात कुणी विचारला नसेल. आणि मुंग्यांचा प्रश्न सोपा होता. गच्चीवर चढायचं, अँटेना फिरवायचा, खालून कुणीतरी ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचं.

शहापूरच्या बाजारपेठेत मी तीस वर्षांहून अधिक काळ टीव्ही-रेडिओचं दुकान चालवलं. आधी दुरुस्ती, मग विक्री. तानसा, अघई, किन्हवली, डोळखांबपासून पार मुरबाडच्या बाजूपर्यंतचं गिऱ्हाईक. त्याच काळात शेअर बाजाराचा नाद लागला तो आजतागायत आहे. त्यामुळे एका हाताने कंपन्यांचा माल विकत होतो आणि दुसऱ्या हाताने त्याच कंपन्यांचे वार्षिक अहवाल उलटत होतो. या दोन्ही बाजू एकत्र बघायची संधी फार थोड्यांना मिळते, म्हणून आज हा विषय.

विषय आताच का निघावा, त्यालाही कारण आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो आमच्या शहापूर तालुक्यातून जातो. त्यासाठी जमिनी गेल्या आणि ज्या घरांत भाताच्या पैशाशिवाय दुसरा पैसा कधी दिसला नव्हता त्या घरांच्या बँक खात्यांत मोठ्या रकमा आल्या. काहींनी घरं बांधली, काहींनी गाड्या घेतल्या. आता त्याच घरांतली मुलं मोबाईलवर डिमॅट खाती उघडून बसली आहेत. मुलं हुशार आहेत. पण कोणता शेअर घेऊ म्हटलं की त्यांची नजर हातातल्या वस्तूवर जाते. हा फोन, हे घड्याळ, हे कानातलं यंत्र. जे रोज वापरतो त्याची कंपनी आपल्याला कळते, असं त्यांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

म्हशाच्या यात्रेत बैल घ्यायला गेलेला माणूस शिंगांना लावलेला रंग बघत नाही. तो बैलाचं तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, जमलं तर जुंपून बघतो. शेअर घेताना मात्र तोच माणूस शिंगांवरचा रंग बघून पैसे मोजतो. तेव्हा आपण आज या धंद्याचे दात बघू.

आमच्या तानसा धरणातून निघालेली नदी गणेशपुरी-वज्रेश्वरीकडे जाते. तिथून अंबाडीमार्गे वाड्याच्या रस्त्याला लागलं की कुडूस येतं. त्या कुडूसला ओनिडा टीव्हीचा कारखाना उभा राहिला. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. ओनिडाची मूळ कंपनी मिर्क इलेक्ट्रॉनिक्स. गुलू मिरचंदानी आणि विजय मनसुखानी यांनी ती १९८१ साली काढली. १९८२ हे वर्ष आपल्याकडे टीव्हीच्या धंद्याचं जन्मवर्षच म्हणायला हवं. त्या वर्षी दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ झाले. पुढे शिंगं-शेपटीवाला तो हिरवा राक्षस जाहिरातीत आला आणि शेजाऱ्याच्या पोटात दुखेल असा टीव्ही म्हणजे ओनिडा, हे घरोघरी पाठ झालं. टीव्ही होताही दणकट. मी स्वतः उघडून बघितलेला आहे, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

आता त्या काळातली बाकीची नावं आठवा. क्राऊन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा, सोलिडेअर, टेक्सला, अपट्रॉन, नेल्को, बीपीएल. यातल्या प्रत्येक नावाचा टीव्ही माझ्या टेबलावर येऊन गेला आहे. आज यातला क्वचितच एखादा तुमच्या दिवाणखान्यात असेल. सगळ्यांनी वाईट टीव्ही बनवले म्हणून हे झालं का? मुळीच नाही. १९९१ नंतर दारं उघडली, १९९५ साली सॅमसंग आली, १९९७ साली एलजी आली. मधल्या काळात अकाईने ‘जुना टीव्ही द्या, नवा न्या’ची टूम काढली आणि किमतींची मारामारी सुरू झाली. टीव्ही अधिकाधिक चांगले झाले, अधिकाधिक घरांत गेले, आणि ते बनवणाऱ्यांचं कंबरडं मोडत गेलं. ओनिडा टिकली, पण पूर्वीचं स्थान गेलं. अलीकडच्या वर्षांत तिने तोट्याची वर्षंही पाहिली.

गिऱ्हाइकाचं भलं आणि भागधारकाचं भलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या धंद्यात तर त्या बऱ्याचदा एकमेकींच्या उलट्या चालतात. टीव्ही पाच हजारांनी स्वस्त झाला की तुम्ही खूश होता. ते पाच हजार कुणाच्या तरी खिशातून गेलेले असतात.

आता गोदामात चला. आमच्याकडे भाताचं पीक. जुना तांदूळ नव्यापेक्षा महाग विकला जातो हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. कणगीत ठेवलेला माल वर्षाने जास्त पैसे देतो. टीव्हीचं, फोनचं अगदी उलटं. गोदामात पडलेला फोन दर महिन्याला स्वस्त होत जातो, कारण तोवर नवं मॉडेल आलेलं असतं. म्हणून अशा कंपनीचा ताळेबंद हातात घेतला की मी आधी मालसाठ्याचा आकडा बघतो. समजा, वर्षभरात विकलेला माल तयार करायला कंपनीला १,२०० कोटी रुपये लागले आणि ३१ मार्चला गोदामात ३०० कोटींचा माल पडून आहे. म्हणजे तीन महिन्यांचा साठा झाला. आदल्या वर्षी तो दोन महिन्यांचा असेल, तर विचारायचं, का वाढला? नवा कारखाना, नवी दुकानं असं पटणारं कारण असेल तर ठीक. नसेल तर तो माल पुढच्या वर्षी पडेल त्या भावाने काढावा लागणार आहे आणि त्याचा तोटा अजून कागदावर यायचा आहे.

यातही तारतम्य हवं. एसी बनवणाऱ्याचा साठा मार्चअखेरीला फुगलेला असणारच, कारण त्याचा सगळा हंगाम एप्रिल-मेमध्ये. पण त्या हंगामाचाही भरवसा नाही. २०२५ साली मुंबईत २६ मे रोजीच मोसमी पाऊस दाखल झाला. आमच्याकडे पेरणीची घाई उडाली, आणि एसीवाल्यांचा ऐन विक्रीतला पंधरवडा वाहून गेला. एसीच्या कंपनीचा शेअर घ्यायचा तर हवामान खात्याकडेही कान द्यावा लागतो!

साठ्याच्या जोडीला उधारी. हे मी गल्ल्यावर बसून पाहिलं आहे. मार्च महिना आला की कंपनीचा सेल्समन दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसायचा. ‘शेठ, पन्नास नग उतरवून घ्या, पैसे जूनमध्ये द्या, वर दोन टक्के जास्त देतो.’ माझ्या दुकानात महिन्याला दहा नग खपायचे. पन्नास नग घेतले की कंपनीच्या पुस्तकात पन्नासची विक्री झाली, नफाही झाला, आणि टीव्ही मात्र माझ्या माळ्यावर. एका कंपनीने तर कबूल केलेल्या स्कीमचे पैसे मला दीड वर्ष फिरवून दिले. नाव सांगत नाही, आता तिचा माणूसही भेटायचा नाही. पण तेव्हापासून सवय लागली. नफ्याचा आकडा वाचला की लगेच रोकड प्रवाहाचं पत्रक काढायचं. वार्षिक अहवालात ते असतंच. धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेले पैसे नफ्याच्या आसपास आहेत का, हे तीन-चार वर्षांचं ओळीने बघायचं. नफा वाढतो आहे, रोकड येत नाही आणि दुकानदारांकडचं येणं फुगतं आहे, तर तो नफा कुठल्यातरी शहापूरच्या माळ्यावर पडलेला आहे असं समजायचं.

पुढचा प्रश्न, यंत्रातला मोलाचा भाग कुणाचा? जुन्या टीव्हीत ती पिक्चर ट्यूब होती, आजच्या टीव्हीत पॅनेल आहे. टीव्हीच्या खर्चाचा अर्ध्याहून मोठा वाटा एकट्या पॅनेलचा असतो, आणि आपल्याकडे ते मुख्यतः चीन, कोरिया, तैवानकडून येतं. फोनमध्ये चिप आणि पडदा, तीच गत. समजा वीस हजारांच्या टीव्हीत अकरा हजारांचं पॅनेल आहे आणि कंपनीला एका टीव्हीमागे सहाशे रुपये सुटतात. डॉलर पाच टक्क्यांनी महागला की पॅनेलमागे साडेपाचशे गेले. उरले पन्नास. कंपनीने काही चूक केलेली नाही, कामगार तेच, टीव्ही तोच.

इथे मला आमचं धरण आठवतं. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला जातं. जलवाहिन्या आमच्या जंगलातून, गावांशेजारून जातात, आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. पाणी कुठून वाहतं आणि नळ कुणाच्या घरी आहे, या दोन गोष्टींचा संबंध असेलच असं नाही. कंपनीच्या उलाढालीचंही तसंच. हजारो कोटींची उलाढाल तिच्या दारावरून वाहत असते, नळ मात्र पॅनेलवाल्याकडे, चिपवाल्याकडे, किंवा परदेशातल्या मूळ कंपनीला जाणाऱ्या रॉयल्टीत.

नळ स्वतःकडे ठेवण्याचे मार्ग थोडे आहेत. त्यातला सगळ्यांत भक्कम मार्ग म्हणजे विक्रीनंतरही गिऱ्हाइकाकडून पैसे येत राहणं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची मेणबत्ती दरवर्षी बदलावी लागते, प्रिंटरची शाई भरावी लागते. अ‍ॅपलचं गुपितही बरंचसं यातच आहे. २०२३-२४ या तिच्या आर्थिक वर्षात फोन-संगणकासारख्या वस्तूंवर तिचा ढोबळ नफा शंभराला ३७च्या आसपास होता, तर अ‍ॅप, गाणी, साठवणुकीची जागा अशा सेवांवर शंभराला ७४च्या आसपास. म्हणजे फोन विकून झाला तरी दुकान बंद होत नाही. वस्तूंवरचे ३७ही आपल्या टीव्हीवाल्यांना स्वप्नात दिसणार नाहीत, ती गोष्ट वेगळी.

याच्या उलटचं उदाहरण फिटबिटचं. मनगटावर बांधायचं, पावलं मोजणारं यंत्र. कंपनी अमेरिकेतली. जून २०१५ मध्ये शेअर २० डॉलरला बाजारात आला आणि दोन महिन्यांत ५० डॉलरच्या घरात गेला. यंत्रं खपली का? खपली. २०१५ साली २ कोटी १४ लाख, २०१६ साली २ कोटी २३ लाख. खप वाढला, आणि २०१६ साली कंपनीला १० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला! कारण एकदा यंत्र घेतलेला माणूस दुसरं घेईना, अ‍ॅपलने घड्याळ काढलं, आणि खालून स्वस्त चिनी पट्टे आले. शेवटी २०१९ साली गुगलने शेअरमागे ७ डॉलर ३५ सेंट देऊ केले आणि जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला. तुमच्या मनगटावर आज जे काही बांधलेलं असेल, त्याच्या कंपनीला हा प्रश्न विचारून बघा. यांचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे कशाचे देणार आहे?

आता घरच्या उदाहरणाकडे येतो. यावर जरा रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या शेअर घेणाऱ्यांना यातून जितकं शिकता येतं तितकं परदेशातल्या दहा कंपन्यांतून येणार नाही. व्हिडिओकॉन. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, धूत कुटुंबाची कंपनी. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला तिचा मोठा कारखाना. ऐंशीच्या दशकात तोशिबाच्या तंत्रज्ञानावर रंगीत टीव्ही काढला, पुढे वॉशिंग मशीन, फ्रीज. स्वस्त, सोपं, जिल्ह्याजिल्ह्यात दुरुस्तीची सोय. माझ्या दुकानात लग्नसराईत व्हिडिओकॉनची वॉशिंग मशीनं रांगेने उभी असायची. मराठी माणसाला या कंपनीचा अभिमान होता आणि तो गैर नव्हता.

२००५ साली कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधले कारखाने. बातमी वाचून छाती फुगावी अशी. पण त्या वेळी आम्ही दुकानदार काय बघत होतो? मुंबईतल्या मोठ्या दुकानांच्या काचेत भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही आले होते. महाग होते, लाखाच्या घरात, पण दर सणाला किंमत उतरत होती. ट्यूबचं पोट घेऊन बसलेला टीव्ही जाणार, हे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला दिसत होतं. थॉमसन तो धंदा विकते आहे याचा अर्थ तिलाही ते दिसत होतं. विकणारा का विकतो, हा बैलबाजारातला पहिला प्रश्न. जगातल्या मोठ्या ट्यूब बनवणाऱ्यांत आपलं नाव आलं, आणि ट्यूबच संपली.

मग बाकीच्या वाटा. आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या रव्वा तेलक्षेत्रात वाटा होता, तो चांगला चालला. डीटूएच आलं. २००८ साली दूरसंचाराचे परवाने घेतले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे १२२ परवाने रद्द केले त्यांत व्हिडिओकॉनचेही होते. यातला प्रत्येक धंदा वेगळा तपासला तर एखादा बरा, एखादा वाईट. पण सगळ्यांच्या खाली कर्ज होतं. टीव्ही-फ्रीजच्या धंद्यात शंभराला चार-पाच रुपये सुटतात आणि व्याज शंभराला दहा-बारा भरायचं, हे गणित किती दिवस चालणार?

जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समूहातल्या तेरा कंपन्यांवर मिळून मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटींचे. २०२१ साली जी बोली मंजूर झाली ती २,९६२ कोटींची, म्हणजे शंभर रुपयांच्या येण्यापोटी चार-साडेचार रुपये. न्यायाधिकरणानेच म्हटलं की बोली लावणारा जवळजवळ काहीच देत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आराखडा रद्द केला, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं ते त्या आराखड्यात दिसून गेलं. साध्या भागधारकाच्या वाट्याला शून्य. बँकांना चार रुपये, तुम्हाला काहीच नाही. रांगेत भागधारक सगळ्यांत शेवटी उभा असतो. कामगार, बँका, सरकार, माल पुरवणारे, सगळ्यांचं भागलं तर उरलेलं त्याचं. नफ्याच्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून कर्जाच्या बाबतीत मी फार जुनाट आहे. ज्या धंद्यात दर पाच-सात वर्षांनी तंत्र बदलतं, त्या धंद्यातल्या कंपनीवर मोठं कर्ज असेल तर मी पुढचं पान उलटत नाही. प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर तारण ठेवले आहेत का, हेही बघतो. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला ते जाहीर होतं, फुकट बघायला मिळतं.

आता कुणी म्हणेल, मग काय, या क्षेत्राकडे फिरकूच नये? तसं नाही. चांगल्या कंपन्या आहेत. पण चांगली कंपनी आणि चांगला भाव यांतही फरक आहे. एलजीचं घ्या. तिचा एक कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्या भारतीय कंपनीने शेअरविक्री केली, ११४० रुपयांना शेअर, एकूण ११,६०० कोटींच्या आसपास. यातला एकही रुपया रांजणगावला आला नाही. कोरियातल्या मूळ कंपनीने स्वतःकडचा हिस्सा विकला, पैसे तिला गेले. त्यात बेकायदा काही नाही, माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांनी मात्र ‘कंपनी पैसे उभारते आहे, कारखाना वाढवेल’ असं धरून अर्ज भरले होते.

तिचा २०२४-२५ चा नफा सुमारे २,२०० कोटी, शेअर साधारण ६८ कोटी. म्हणजे एका शेअरमागे साडेबत्तीस रुपये नफा. ११४० ला घेतला तर वर्षाच्या नफ्याच्या ३५ पट किंमत मोजली. १४ ऑक्टोबरला बाजारात आला तोच १७०० रुपयांच्या वर. म्हणजे ५२ पट. दोन्ही दिवशी कंपनी तीच होती, फ्रीज तेच होते. ज्याला अर्जात मिळाला आणि ज्याने त्या सकाळी बाजारातून घेतला, त्या दोघांनी दोन वेगळे सौदे केले. नफा वाढलाच नाही असं धरलं तर ५२ पट म्हणजे पैसे वसूल व्हायला ५२ वर्षं. वाढणार, हे गृहीत धरूनच तुम्ही इतके मोजता. किती वाढेल, कशामुळे वाढेल, हे एका कागदावर लिहून काढता आलं पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा आणि एसीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे असं एक लिहिण्यासारखं कारण. ‘सगळे घेत आहेत’ हे नव्हे.

दुसरा प्रकार, दुसऱ्यांच्या नावाने माल बनवून देणाऱ्या कंपन्या. यातली मोठी नोएडाची डिक्सन. फोन, टीव्ही, वॉशिंग मशीन बनवते, वर नाव दुसऱ्याचं. २०२४-२५ मध्ये उलाढाल ३८ हजार कोटींच्या पुढे गेली. व्याज, घसारा वजा करण्याआधीही शंभराला चारच्या आसपासच सुटतात. मग अशा कंपनीचा शेअर वर का गेला? कारण जाहिरात नाही, दुकानदाराच्या नाकदुऱ्या नाहीत, आणि पैसा वर्षातून कितीतरी वेळा फिरतो. चार टक्केच, पण पुन्हापुन्हा. आमच्या बाजारातला भाजीवाला सकाळी घेतलेली टोपली दुपारी रिकामी करतो, तसं. यात तपासायच्या गोष्टी वेगळ्या. सगळा धंदा दोन-तीन गिऱ्हाइकांवर उभा आहे का? सरकारने २०२० पासून मोबाईल उत्पादनाला वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन दिलं, ते काढून घेतल्यावर काय उरतं? बाजाराने या शेअरला २०२४ साली नफ्याच्या शंभर पटींवरही भाव दिला होता. शंभराला चार सुटणाऱ्या धंद्याला शंभर पट. माझं मत विचाराल तर मी तिथे थांबतो. ज्यांनी तेव्हाही घेतला त्यांना माझ्यापेक्षा पुढचं दिसत असेल.

जमिनीच्या पैशाबद्दल मात्र मी कुणाचीही भीड ठेवत नाही. ती रक्कम एकदाच आली आहे. तिचा मोठा भाग मुदत ठेवीत, पोस्टात, सोनं घ्यायचं तर सोन्यात, शक्य झालं तर दुसऱ्या जमिनीत जावा. बाजारात जायचंच तर आधी म्युच्युअल फंडातून, थोडंथोडं. या एकाच क्षेत्राच्या, त्यातही एकाच कंपनीच्या शेअरमध्ये शंभरातले तीन-चार रुपये, त्याहून जास्त नको. ते तीन-चार बुडाले तर चूल पेटायची थांबता कामा नये. आणि मोबाईलवर कुणी ‘सर’ येऊन टिप देत असेल, तर सेबीकडे त्याची नोंदणी आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर आधी बघा. नसेल तर त्या गटातून बाहेर पडा.

वार्षिक अहवाल इंग्रजीत असतो आणि दोन-अडीचशे पानांचा असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. सुरुवातीची रंगीत पानं, हसऱ्या कुटुंबांची छायाचित्रं सोडून द्या. ताळेबंदाचं पान, रोकड प्रवाहाचं पान आणि लेखापरीक्षकाचा अहवाल, एवढं काढा. साठा, येणं, कर्ज, हातात आलेली रोकड, हे चार आकडे पाच वर्षांचे वहीत एकाखाली एक लिहा. दहावीच्या मुलाला जमेल असं गणित आहे.

आणि वहीच्या जोडीला एक काम पायांनी करा. तुमच्या गावाजवळच्या टीव्ही-मोबाईलच्या दुकानात जा. शहापूर असो, मुरबाड असो, वासिंद असो. कोणता माल गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं आणि कोणता आपल्याला गळ्यात मारावा लागतो, हे दुकानदाराला विचारा. कोणत्या कंपनीचा सुटा भाग चार दिवसांत येतो आणि कोणाचा महिना लावतो, तेही विचारा. स्कीमचे पैसे कोण वेळेवर देतं, हे तो चहा पाजल्यावर सांगेल. फक्त दिवाळीच्या आधी जाऊ नका, तेव्हा सगळंच खपतं आणि बोलायला कुणाला वेळ नसतो. तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर जा, आणि माळ्यावर काय उरलंय तेवढं बघून या.